एमबीबीएसनंतर परदेशात फॅमिली डॉक्टरचा परवाना: कोणता देश, कोणता मार्ग?

गिरणेची_लेक
राम राम मंडळी. खानदेशातल्या डॉक्टरांसाठी हा धागा काढते आहे. प्रश्न असा आहे: शासकीय कॉलेजचं एमबीबीएस, इंटर्नशिप आणि बाँड (सक्तीची शासकीय सेवा) पूर्ण, नंतर पाच-सहा वर्षं तालुक्याच्या गावी स्वतःची ओपीडी. पीजी (पदव्युत्तर शिक्षण) नाही. अशा डॉक्टरला परदेशात फॅमिली डॉक्टर म्हणूनच बसायचं आहे, हॉस्पिटलच्या वॉर्डात नाही. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांपैकी काय धरावं? परीक्षा कोणत्या, आणि कागदपत्रांना हात कुठून घालावा? व्हॉट्सॲपवर ऐकीव माहिती फार फिरते, म्हणून ज्यांना नक्की ठाऊक आहे त्यांनीच लिहावं ही विनंती. पगाराचा विषय इथे नको.

पांझराकाठ
ताई, एक गोष्ट आधी पक्की करा, कारण निम्मे लोक इथेच फसतात. कौन्सिलकडे नोंदणी होणं वेगळं आणि फॅमिली डॉक्टर म्हणून स्वतंत्रपणे बसण्याची परवानगी वेगळी.

इंग्लंडचंच घ्या. प्लॅब ही परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची परीक्षा. तिचे दोन्ही भाग पास झालात की तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि परवाना मिळतो. त्यावर हॉस्पिटलात नोकरी करता येते, पण जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून बसता येत नाही. त्यासाठी जीपी रजिस्टरवर वेगळं नाव लागतं. ते लागायला तीन वर्षांचं जीपी ट्रेनिंग, त्या काळात एमआरसीजीपी या जीपींच्या परीक्षेचे तीन भाग (एकेटी हा लेखी पेपर, एससीए ही सल्लामसलतीची परीक्षा आणि कामाच्या जागचं मूल्यमापन), आणि शेवटी सीसीटी, म्हणजे ट्रेनिंग पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. शिवाय ज्या भागात काम करायचं तिथल्या परफॉर्मर्स लिस्टवरही (सरकारी सेवेत काम करू शकणाऱ्या जीपींची यादी) नाव हवं.

म्हणजे "प्लॅब दिली की जीपी" हे साफ चुकीचं आहे. ज्याला वॉर्ड नको आहे त्यालाही इंग्लंडात मधला काही काळ वॉर्डात काढावाच लागतो. जीपी ट्रेनिंगचा काही भागसुद्धा हॉस्पिटलातच असतो.

भुसावळ_जंक्शन
पांझराकाठ यांना शंभर टक्के दुजोरा. प्लॅबचे आकडे देतो.

प्लॅब १: १८० प्रश्न, ३ तास, प्रत्येक प्रश्नाला एकच सर्वोत्तम उत्तर. मुंबईत देता येते. प्लॅब २ फक्त मँचेस्टरला होते. १६ स्टेशनं (प्रत्येकात रुग्णाचा एक प्रसंग), प्रत्येकी ८ मिनिटं, आत जाण्यापूर्वी दारावरचं वाचायला दीड मिनिट. पहिला भाग पास झाल्यापासून दोन वर्षांत दुसरा पास व्हावा लागतो, आणि दुसरा पास झाल्यावर दोन वर्षांत नोंदणी पूर्ण व्हावी लागते. दोन्ही भागांना चार-चार संधी. शुल्क दर एप्रिलला बदलतं, म्हणून आकडा कौन्सिलच्याच साइटवर बघा.

त्याआधी इंग्रजी. आयईएलटीएस ॲकॅडमिक असेल तर एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७. ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा) असेल तर चारही भागांत बी, म्हणजे ३५०, आणि तेही एकाच बैठकीत. दोन्हींची मुदत दोन वर्षं. त्यामुळे इंग्रजीची परीक्षा फार लवकर उरकू नका, नोंदणीपर्यंत पोचेस्तोवर मुदत संपते आणि पुन्हा द्यावी लागते.

सातपुड्याची_पोर
आयईएलटीएसपेक्षा ओईटी घ्या, विशेषतः शाळा मराठी माध्यमात झाली असेल तर. आयईएलटीएसच्या निबंधात पर्यावरण, शहरीकरण असले विषय येतात. ओईटीत रुग्णाची टिपणं देतात आणि त्यावरून साधारण १८० ते २०० शब्दांचं रेफरल पत्र लिहायचं असतं. वेळ ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ नुसती वाचायची. बोलण्याच्या भागात रुग्णाशी दोन संवाद, प्रत्येकी सुमारे ५ मिनिटांचे. हे आपलं रोजचंच काम.

तरी लिखाणात बरेच जण अडकतात, कारण टिपणातलं सगळंच पत्रात उतरवतात. पत्र फिजिओथेरपिस्टला असेल तर बालपणीच्या गोवराचं तिथे काय काम? वाचणाऱ्याला कशाची गरज आहे तेवढंच निवडायचं. गुण त्या निवडीलाच आहेत.

केळीचं_पान
अमेरिका यादीत का नाही? फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी (पदव्युत्तर प्रशिक्षण) तिथे तीन वर्षांचीच आहे आणि परदेशी पदवीधरांना इतर शाखांपेक्षा तिथे जास्त वाव असतो.

पांझराकाठ
वाव आहे, पण पदवीला झालेली वर्षं आडवी येतात. बरेच प्रोग्राम पाच वर्षांच्या आतले पदवीधर बघतात आणि जुने अर्ज चाळणीतच गळतात. स्वतःची ओपीडी चालवण्याचा अनुभव तिथे फारसा मोजत नाहीत. तिथल्या हॉस्पिटलात हातानं केलेलं काम आणि तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं मोजतात.

तरी कोणाला धरायचंच असेल तर: यूएसएमएलई या तिथल्या परवाना परीक्षेची स्टेप १ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे, त्यामुळे सगळा भार स्टेप २ सीके या पुढच्या लेखी परीक्षेच्या गुणांवर आला. रुग्ण तपासण्याची जुनी सीएस परीक्षा २०२१ मध्ये बंद झाली. तिच्या जागी ईसीएफएमजी या परदेशी पदवीधरांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे पाथवे आणि ओईटी आलं, आणि तिथे ओईटीच्या लिखाणात ३०० चालतात, बाकी तिन्हींत ३५० लागतात. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर गेलात तर रेसिडेन्सीनंतर दोन वर्षं भारतात परतण्याची अट, किंवा कॉनराड ३० या सवलतीखाली डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं सेवा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी स्टेप ३ आधी लागते, आणि नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झालेली आहे. ताईंनी मांडलेल्या डॉक्टरला हा मार्ग मी सुचवणार नाही.

चोपड्याचे_आबा
बीएएमएस झालेल्यांचं काय? आपल्याकडे खेड्यापाड्यातले बरेचसे फॅमिली डॉक्टर तेच आहेत. बीएचएमएस करून सीसीएमपी (होमिओपॅथांसाठीचा आधुनिक औषधांचा कोर्स) केलेलेही खूप. त्यांनी विचारलं तर काय सांगायचं?

लळिंग
आबा, त्यांना स्पष्ट सांगा, आशेवर ठेवू नका. प्लॅब, यूएसएमएलई, ऑस्ट्रेलियाची एएमसी, कॅनडाची एमसीसीक्यूई, यांतल्या कुठल्याही परीक्षेला बीएएमएस किंवा बीएचएमएस बसता येत नाही. पदवी वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समधल्या कॉलेजची आणि आधुनिक वैद्यकाचीच लागते. सीसीएमपी ही महाराष्ट्रापुरती सोय आहे, बाहेर तिला किंमत नाही. दुबईकडे आयुर्वेद आणि होमिओपॅथीचा वेगळा परवाना असतो, पण त्यावर ॲलोपॅथी करता येत नाही. कोणी एजंट "बीएएमएसला कॅनडात डॉक्टर बनवतो" म्हणाला तर तो फसवतो आहे.

चोपड्याचे_आबा
सांगितलंत ते बरं झालं. जमिनी गहाण टाकून पैसे भरणारे असतात. हा प्रतिसाद मी पुढे पाठवणार आहे.

तापीपार
आता कॅनडा. मंडळी इथे सगळ्यात गोंधळलेली असतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी फिजिशियन्सअप्लाय या वेबसाइटवर खातं उघडायचं. मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडा तुमची पदवी थेट विद्यापीठाकडून पडताळून घेते. मग एमसीसीक्यूई भाग १. ही २०२५ पासून पूर्णपणे बहुपर्यायी झाली आहे आणि भारतातून देता येते. भाग २ जून २०२१ मध्येच बंद झाला, त्याचे क्लास विकणारे अजून सापडतात, त्यांच्यापासून लांब राहा. मग नॅक ही स्टेशनांची परीक्षा, ती कॅनडातच जाऊन द्यायची.

इथून दोन फाटे फुटतात. एक म्हणजे कार्म्स या रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या व्यवस्थेतून फॅमिली मेडिसिनची दोन वर्षांची रेसिडेन्सी. त्याला साधारणपणे कॅनडाचं नागरिकत्व किंवा पीआर (कायमचं वास्तव्य) लागतं, आणि परदेशी पदवीधरांच्या जागा मोजक्या. दुसरा फाटा प्रॅक्टिस रेडी असेसमेंट, म्हणजे पीआरए. यात पुन्हा रेसिडेन्सी नाही. अनुभवी डॉक्टरला तिथल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली १२ आठवडे प्रत्यक्ष क्लिनिकमध्ये बसवतात आणि बघतात. पास झालात तर तात्पुरता परवाना मिळतो, बदल्यात ठरवून दिलेल्या गावात काही वर्षं सेवा. ब्रिटिश कोलंबियात ती तीन वर्षं आहे. ओंटारियोनं आपला कार्यक्रम २०२३ मध्ये सुरू केला. सस्कॅचवान, मॅनिटोबा, अल्बर्टा, नोव्हा स्कोशिया यांचे आपापले वेगळे आहेत. बऱ्याच ठिकाणी टीडीएम नावाची उपचार-निर्णयाची आणखी एक लेखी परीक्षा असते.

गिरणेची_लेक
तापीपार दादा, हे पीआरए तर अगदी हवं तेच दिसतंय! मग पीजी नसलेल्या डॉक्टरला थेट करता येईल का?

तापीपार
ताई, अडचण नेमकी तिथेच आहे. नुसत्या इंटर्नशिपवर बहुतेक प्रांत घेत नाहीत. पदव्युत्तर प्रशिक्षण लागतं आणि त्यावर स्वतंत्र प्रॅक्टिसचा ताजा अनुभव लागतो. किती महिन्यांचं प्रशिक्षण, कुठल्या विभागांत, अनुभव मागच्या किती वर्षांतला, हे प्रांतागणिक बदलतं. एका प्रांतात नाकारलेला अर्ज दुसऱ्यात बसू शकतो, म्हणून प्रत्येकाचं पात्रतेचं पान वेगळं वाचा. डीएनबी फॅमिली मेडिसिन (भारतातली पदव्युत्तर पदवी) केलेल्याची बाजू इथे बरीच भक्कम असते. सहा महिन्यांची किंवा घरबसल्या केलेली डिप्लोमा-फेलोशिप रेसिडेन्सी म्हणून धरत नाहीत.

वरणगाव_पॅसेंजर
स्वतःच्या दवाखान्याचा अनुभव सिद्ध कसा करायचा हा आपल्याकडच्यांचा खरा घोळ आहे. नोकरीवाल्याला हॉस्पिटल लेटरहेडवर लिहून देतं. चाळीसगाव, शिरपूर, रावेर इथे एकट्यानं ओपीडी चालवणाऱ्याला कोण लिहून देणार? स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र कोणी धरत नाही.

चालतात त्या गोष्टी अशा: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी खंड न पडता चालू असल्याचा कागद, व्यवसायाचं उत्पन्न दाखवणारी त्या त्या वर्षांची आयकर विवरणपत्रं, जैववैद्यकीय कचऱ्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडचं अधिकारपत्र (यावर दवाखान्याचं नाव, पत्ता आणि वर्ष असतं, म्हणून फार उपयोगाचं), जागेचा भाडेकरार, आयएमए शाखेचं पत्र. खाटा असतील तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी. आणि ज्यांच्याकडे तुम्ही रुग्ण पाठवता त्या फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञांची पत्रं. त्यात "स्वभावानं चांगले आहेत" असं नको. किती काळ ओळखतात, कुठल्या प्रकारचे रुग्ण पाठवता, निदान आणि प्राथमिक उपचार कसे असतात, हे हवं.

ओपीडी रजिस्टरही नीट ठेवा. रुग्णाची ओळख न दाखवता वय, तक्रार, निदान, उपचार असा महिनावार गोषवारा काढता आला पाहिजे. लहान मुलं, गरोदर बाया, मधुमेह-रक्तदाब, मानसिक आजार असा पसारा त्यात दिसला तर अर्जाला वजन येतं. नुसता ताप-खोकला दिसला तर येत नाही.

अमळनेर१
मग दवाखाना बंद करून पुण्या-मुंबईला क्लास लावायचा की चालू ठेवून अभ्यास करायचा? मला वाटतं बंद करून एका दमात परीक्षा उरकाव्यात. दोन्ही डगरींवर हात ठेवून काही होत नाही.

वरणगाव_पॅसेंजर
अजिबात बंद करू नका. नोकरीत किंवा प्रॅक्टिसमध्ये पडलेला खंड प्रत्येक अर्जात उघडा दिसतो आणि त्याचं लेखी कारण द्यावं लागतं. दीड-दोन वर्षं अभ्यासात गेली की "अलीकडचा अनुभव" हीच अट तुटते. सकाळची ओपीडी ठेवा, संध्याकाळची बंद करा.

अमळनेर१
कॅनडा-ऑस्ट्रेलियासाठी तुमचं पटतं. प्लॅब १ ला मात्र शेवटचे दोन महिने पूर्ण मोकळे हवेत, यावर मी ठाम आहे.

मुक्ताई_मेळा
ऑस्ट्रेलियाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

एएमसी, म्हणजे ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिल. तिची पहिली परीक्षा संगणकावर: १५० प्रश्न, साडेतीन तास. दुसरी क्लिनिकल, १६ स्टेशनं, २ मिनिटं वाचन आणि ८ मिनिटं काम. क्लिनिकलऐवजी काही हॉस्पिटलांत नोकरी करता करता कामाच्या जागचं मूल्यमापन होतं, पण त्या जागा थोड्या आणि रांग लांब. पुढे १२ महिने देखरेखीखाली काम, मग सर्वसाधारण नोंदणी.

इथेही पांझराकाठ म्हणाले तेच. सर्वसाधारण नोंदणी झाली म्हणजे जीपी झाला असं नाही. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून रुग्णाला पैसे परत मिळाले तरच तो तुमच्या क्लिनिकमध्ये येणार, आणि त्यासाठी जीपींची फेलोशिप (एफआरएसीजीपी किंवा ग्रामीण बाजूची एफएसीआरआरएम) किंवा ती मिळवून देणाऱ्या मान्य कार्यक्रमात जागा लागते. हे त्यांच्या आरोग्य विमा कायद्याचं कलम १९एए. त्यालाच लागून १९एबी: परदेशात शिकलेल्या डॉक्टरला साधारण दहा वर्षं डॉक्टर कमी असलेल्या ठरावीक भागांतच मेडिकेअरचा क्रमांक मिळतो. सिडनीच्या मध्यभागी दवाखाना थाटायचं स्वप्न असेल तर ते दहा वर्षं बाजूला ठेवा. मात्र ज्यानं शहाद्याला किंवा यावलला ओपीडी केली त्याला छोट्या गावाची धास्ती वाटायचं कारण नाही.

जीपी क्लिनिकमध्ये बसण्यापूर्वी पेस्की नावाची मुलाखत होते. नुसती ओळख-परेड नसते ती. प्रसंग देतात आणि त्या विशिष्ट जागेवर हा डॉक्टर सुरक्षित आहे का ते तपासतात. क्लिनिक हॉस्पिटलपासून किती लांब, ॲम्ब्युलन्स किती वेळात येते, हे जागेबद्दल आधीच वाचून जायचं.

केळीचं_पान
आखाती देशांचं?

लळिंग
थोडक्यात यूएईचं सांगतो: डेटाफ्लो या कंपनीकडून कागदांची पडताळणी, मग दुबई, अबुधाबी किंवा तिथलं आरोग्य मंत्रालय यांची संगणकावरची परीक्षा, मग नोकरी मिळाल्यावर परवाना सुरू. जीपी या पदावरच परवाना मिळतो, रेसिडेन्सी लागत नाही, म्हणून वेळ सगळ्यात कमी. पदवी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि त्यांचा दूतावास अशी साक्षांकित करावी लागते. पण कायमचं राहता येत नाही, आणि तो परवाना पुढे इंग्लंड-कॅनडात चालत नाही.

सातपुड्याची_पोर
आता नावाच्या भानगडीकडे या, कारण सगळ्यात जास्त महिने तिथे जातात.

आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि स्वतःचं नि वडिलांचं नाव दुसऱ्या ओळीत. मेडिकल कौन्सिलच्या कागदावर तिसरीच मांडणी. वर स्पेलिंग: चौधरी दहावीला एका तऱ्हेनं, पदवीवर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या. भारतात याचं कोणाला काही वाटत नाही. तिकडचा तपासणारा मात्र ही तीन वेगळी माणसं समजतो आणि फाइल थांबवतो.

पासपोर्टवरचं नाव हाच पाया धरा, सगळी खाती त्याच नावानं उघडा. फरक नुसत्या क्रमाचा असेल तर बहुतेक ठिकाणी नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र पुरतं. अक्षरांचा किंवा आडनावाचाच फरक असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि मग त्या आधारे मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये दुरुस्ती करा. हा क्रम उलटा केला तर दोनदा खेटे पडतात.

लग्न झालेल्या मुलींना कळकळीनं सांगते: पदवी माहेरच्या नावावर असेल आणि परदेशाचा विचार असेल तर पासपोर्टवर नाव बदलू नका. कायद्यानं बदलायची सक्ती नाही. बदललंच असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र इंग्रजीत मिळवा आणि त्यावर माहेरचं नि सासरचं अशी दोन्ही पूर्ण नावं आहेत ना ते काउंटरवरच बघा.

भुसावळ_जंक्शन
ताईंनी फार मोलाचं लिहिलं. त्याला जोडून पडताळणीचं.

इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया दोघांनाही पदवी एपिक या ऑनलाइन सेवेतून पडताळलेली लागते. तुम्ही पदवी अपलोड करायची, ते विद्यापीठाला विचारणार. विद्यापीठ निवडताना घाई नको. १९९८ मध्ये नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आलं, त्याआधी प्रवेश घेतलेल्यांच्या पदवीवर दुसऱ्या विद्यापीठाचं नाव असतं. कॉलेज आज कोणाला जोडलेलं आहे ते न बघता, पदवीच्या कागदावर जे छापलंय तेच निवडा. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र चालवू नका, दीक्षान्ताची मूळ पदवी काढून घ्या. विद्यापीठाकडून उत्तर यायला काही आठवडे लागतात, कधी महिने. मधे मधे विद्यापीठाच्या संबंधित विभागाला संदर्भ क्रमांक देऊन विचारत राहावं लागतं.

गुड स्टँडिंग प्रमाणपत्र (तुमच्यावर कारवाई चालू नसल्याचा कौन्सिलचा दाखला) मात्र शेवटी काढा. ब्रिटनची कौन्सिल ते तीन महिन्यांच्या आतलं मागते. आधी काढून ठेवलेलं वाया जातं. आणि आपल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून ते मिळायला तुमची नोंदणी जिवंत हवी: दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी वैद्यकीय प्रशिक्षणांना हजेरीचे ३० क्रेडिट पॉइंट. गावाकडे अनेकांचं नूतनीकरण राहून जातं आणि ते कळतं तेव्हा अर्जाची तारीख डोक्यावर आलेली असते.

लळिंग
शासकीय कॉलेजवाल्यांनी बाँड पूर्ण झाल्याचा कागदही हाताशी ठेवा. एक वर्षाची सेवा करावी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सेवा करूनही कार्यमुक्तीचा आणि बाँडमुक्तीचा कागद न घेतलेले बरेच आहेत. इंटर्नशिपचंही तसंच. "एक वर्ष पूर्ण केली" एवढ्यावर भागत नाही, कुठल्या विभागात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे कॉलेजच्या लेटरहेडवर शिक्क्यानिशी हवं.

केळीचं_पान
एक नंबर धागा. बठ्ठी माहिती एकाच जागी सापडनी भो!

पांझराकाठ
स्टेशनांच्या परीक्षेबद्दल लिहायचं राहिलं. आपल्याकडचे डॉक्टर तिथे ज्ञानात कमी पडत नाहीत, सवयीत अडकतात.

आपल्या ओपीडीत रुग्णाबरोबर चार माणसं आत येतात आणि सासू सुनेच्या पोटदुखीची हकीकत सांगते. तिथे रुग्ण स्वतः काय सांगतो, त्याला काय झालं असं वाटतं, कशाची भीती आहे, तुमच्याकडून काय हवंय, हे विचारल्याचे गुण आहेत. नातेवाईक फोनवर रिपोर्ट विचारतो असं स्टेशन हमखास सरावाला ठेवा. प्रेमानं बोलायचं, पण रुग्णाच्या परवानगीशिवाय काही सांगायचं नाही.

कायद्याचे प्रसंग तर मुळातून नव्यानं शिकावे लागतात. पंधरा वर्षांची मुलगी गर्भनिरोधक मागायला आली. इथे पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे तुमच्यावर कळवायचं बंधन आहे. इंग्लंडात तिची समज, जबरदस्ती किंवा शोषण आहे का, जोडीदाराचं वय, हे फ्रेझर निकषांवर तपासून गोपनीयता राखत उपचार देता येतात. तेराच्या खालची असेल तर मात्र प्रकरण थेट बालसंरक्षणाकडे जातं. पहिलीच फीट (आकडी) आलेला ड्रायव्हर असेल तर गाडी थांबवायला आणि परवाना खात्याला कळवायला सांगायचं. हे विसरलात तर बाकी स्टेशन सुंदर जाऊनही उपयोग नाही.

औषधं मूळ नावानं बोला. क्रोसिन, ऑगमेंटिन तोंडात बसलेलं असतं, त्यासाठी आतापासून चिठ्ठीच जेनेरिक नावानं लिहायला घ्या. तापाच्या मुलाला अँटिबायोटिक का देत नाही हे आईला पटवायचं, आणि केव्हा परत यायचं ते नेमकं सांगायचं: दूध-पाणी घेत नसेल, सुस्तावलं असेल, लघवी कमी झाली, अंगावरचे डाग काचेचा ग्लास दाबूनही फिके पडत नसतील तर तडक इमर्जन्सी. "बरं नाही वाटलं तर या" याला गुण नाहीत.

अमळनेर१
सलाईन लावा म्हणणारा रुग्णही स्टेशनात ठेवला असता तर आपण सगळे पहिले आलो असतो! नाही म्हणायचा सराव आपल्याइतका कोणाला नाही.

चोपड्याचे_आबा
हा हा! पण खरं आहे. आणि नंदुरबार बाजूला सिकलसेलचे रुग्ण सांभाळणाऱ्यांनी ते अर्जात जरूर लिहावं. लंडनमध्येही तो आजार बराच दिसतो.

गिरणेची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नावर या. पीजी नसलेल्या, पाच-सहा वर्षं ओपीडी केलेल्या डॉक्टरनं नेमकं काय करावं?

तापीपार
माझं मत: वय आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर आधी इथेच डीएनबी फॅमिली मेडिसिन. तीन वर्षं जातील, पण कॅनडाच्या पीआरएचं दार त्यानं उघडू शकतं आणि परदेश नाही झालं तरी हातात पदवी राहते.

पांझराकाठ
मी थोडा असहमत आहे. तीन वर्षं घालायचीच तर ती इंग्लंडच्या जीपी ट्रेनिंगमध्ये घालावीत, कारण ती सीसीटी पुढे इतरही देशांत चालते. ऑस्ट्रेलियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये जलद मार्ग सुरू केला, त्यात ब्रिटन, आयर्लंड आणि न्यूझीलंडचे जीपी सरळ येतात. कॅनडाचं फॅमिली फिजिशियन कॉलेजही ब्रिटिश प्रशिक्षण मान्य करून परीक्षेविना प्रमाणपत्र देतं.

पण आत शिरणं अवघड झालंय हेही सांगतो. निवड एमएसआरए या एका परीक्षेवर होते आणि गर्दी प्रचंड आहे. जुलै २०२५ च्या त्यांच्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना प्राधान्य द्यायचं धोरण स्पष्ट लिहिलंय, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या वर्षीचा नियम वाचा. शिवाय क्रेस्ट फॉर्म लागतो: एखाद्या कन्सल्टंटच्या हाताखाली सलग तीन महिने काम, तेही ट्रेनिंग सुरू होण्याआधीच्या साडेतीन वर्षांतलं. एकट्यानं ओपीडी करणाऱ्याकडे हेच नसतं. त्यासाठी धुळे-जळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात तीन-चार महिने नोकरी करता येते, सही करणारा फॉर्मच्या अटींत बसतो का ते आधी विचारून.

मुक्ताई_मेळा
घरात लहान मुलं असतील आणि पुन्हा रजिस्ट्रारसारखं राबायची तयारी नसेल, तर ऑस्ट्रेलियाची एएमसी पहिली परीक्षा द्या आणि निकालानंतर ठरवा. तो निकाल न्यूझीलंडच्या एनझेडआरईएक्स या परीक्षेसाठीही धरतात, त्यामुळे फुकट जात नाही.

वरणगाव_पॅसेंजर
देश कुठलाही ठरो, या महिन्यात करायची कामं सारखीच आहेत. मेडिकल कौन्सिलची नोंदणी कधी संपते ते बघा, क्रेडिट पॉइंट मोजा. सगळे कागद टेबलावर मांडून नावाची अक्षरं एकेक करून ताडून बघा. मूळ पदवी हातात नसेल तर अर्ज टाका. मग एपिकचं खातं. हे होईस्तोवर अभ्यास सुरू झालेला असेलच.

गिरणेची_लेक
एक शेवटचं. पदवीवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी आहे. विद्यापीठाकडून पदवी दुरुस्त करून घ्यावी की पासपोर्ट बदलावा?

सातपुड्याची_पोर
आधी दहावीचं प्रमाणपत्र बघा. ते आणि पासपोर्ट जुळत असतील तर पदवीच दुरुस्त करून घ्या, विद्यापीठात त्यासाठी अर्ज असतो आणि दहावीचा कागद पुरावा म्हणून लागतो. दहावीवरही चुकीचंच असेल तर राजपत्राचा मार्ग धरा. एपिकला अर्ज त्यानंतरच टाका. पडताळणी चालू असताना पदवी बदलली तर फाइल नव्यानं सुरू होईल.